अंगावर काढणं

मुक्ता, तुला कॉलेजच्या पहिल्याच वर्षी समाजशास्त्र घ्यावं लागलं आणि त्यातला ‘सोशलायझेशन’चा धडा फार कोरडा वाटला, असं तू परवा फोनवर म्हणालीस. याला मराठीत काय म्हणतात, असंही विचारलंस. सामाजीकरण म्हणतात, एवढं सांगून मी फोन ठेवला. पण हा शब्द मी ज्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला, त्या खिल्लारे मॅडम त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोरून हललेल्या नाहीत. म्हणून हे लिहिते आहे. ईशानलाही वाचून दाखव. हसू येईल असं यात थोडंच आहे, हे आधीच सांगून ठेवते.

तुम्हाला माहीत आहे, मी सेनगावच्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. हिंगोलीहून रोज सकाळची एस.टी., ती चुकली तर जीप. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर विमल खिल्लारे तिथे समाजशास्त्र शिकवायला आल्या. ठेंगण्या, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, डाव्या खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत पाठ्यपुस्तक, पाण्याची बाटली आणि एक पत्र्याची डबी. उरलेले खडूचे तुकडे त्या त्या डबीत जमवायच्या आणि नखाएवढा तुकडा राहीपर्यंत त्याने लिहायच्या. घरी सासूबाई आणि दोन मुलं. मिस्टर हट्ट्याला प्राथमिक शाळेत शिक्षक. ते शनिवारी येत आणि सोमवारी पहाटे जात.

स्टाफरूममध्ये पाण्याचा माठ होता. त्यातलं पाणी त्या घेत नसत. पहिल्या नोकरीच्या गावी त्यांनी माठातून पेलाभर पाणी घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी कोरा माठ आला. हे त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, तेही हसत. आमच्या माठातलं घ्या, असं मी त्यांना एकदाही म्हटलं नाही. माझी काही हरकत नव्हती. मला ते सुचलंच नाही.

डबा खाण्याचीही त्यांची एक रीत होती. सगळे सर लोक जेवून हात धुऊन आले, की मग त्या डबा उघडत. तोवर वह्या तपासत बसत. मी एकदा म्हटलं, बसा ना आमच्याबरोबर, भाकरी वाळून जाते तुमची.

“घास उतरत न्हाई हो जोशी मॅडम,” त्या म्हणाल्या. “आजीनं मागून खाल्लं, आईनं मागून खाल्लं, सासू अजून मागून खाती. याला सामाजीकरण म्हणतात. आमच्या पुस्तकात तिसरा धडा हाय.”

“मग शिकवता ते सोडता येत नाही?”

“शिकवल्यानं जातंय व्हय?” असं म्हणून त्यांनी पुढची वही ओढली.

माझा वर्ग आणि त्यांचा वर्ग यांच्यामधली भिंत छतापर्यंत गेलेली नव्हती. त्यामुळे त्यांचा तास मला निम्मा ऐकू यायचा. पहिली पंधरा मिनिटं त्या पुस्तकी भाषेत व्याख्या सांगायच्या. कुटुंब म्हणजे काय, संस्कृती म्हणजे काय, शिक्षणाची सामाजिक कार्यं कोणती. पोरं लिहून घ्यायची. मग त्या म्हणायच्या, “हे मार्कांसाठी झालं. आता वही मिटा.” आणि वही मिटली की त्यांची भाषा बदलायची. तुमच्या घरी पहिलं ताट कुणाला वाढतात रे? बापाला कोण ‘अहो’ म्हणतं, आईला कोण म्हणतं? बहिणीची शाळा कितवीला सुटली, अन् सुटली का सोडवली? पोरं आधी खिदळायची, मग हळूहळू गप्प व्हायची.

मी तेव्हा भाषेच्या बाबतीत फार कडक होते. कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंनी वर्गात शुद्ध बोलावं, असं मी त्यांना एकदा ऐकवलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “शुद्ध भाषेत कुणी घरचं सांगत न्हाई, मॅडम.”

एका वर्षी आरोग्याचा धडा चालू होता. त्यांनी अकरावीच्या मुलांना घरी विचारून यायला सांगितलं: तुमच्या घरात शेवटचं दवाखान्यात कोणाला नेलं, आणि दुखणं सुरू झाल्यावर किती दिवसांनी. दुसऱ्या दिवशी त्यांनी वह्या मोठ्याने वाचल्या. भिंतीच्या अलीकडे माझी पोरंही कान देऊन बसली होती, म्हणून मीही शिकवायचं थांबले. एकाने लिहिलं होतं, बैल, त्याच दिवशी. त्यावर दोन्ही वर्ग हसले. धाकटा भाऊ, दुसऱ्या दिवशी. वडील, चार दिवसांनी. आजी, मामा गावाला आला तेव्हा. मग एक वाक्य यायला लागलं आणि वहीमागून वही तेच येत राहिलं. आई आजारी पडत नाही. कुणी लिहिलं होतं, आईला काही होत नाही. कुणी लिहिलं होतं, आई अंगावर काढते. हसणं थांबलं होतं. खडूचा आवाज आला, त्या फळ्यावर काहीतरी लिहीत होत्या, आणि घंटा झाली. मी जाता जाता डोकावून पाहिलं. ‘आरोग्य’ या शीर्षकाखाली दोनच शब्द होते: अंगावर काढणे.

मधल्या सुट्टीत त्या माझ्याकडे आल्या. तुमच्या इंग्रजीत याला काय शब्द आहे, म्हणाल्या. मी ‘निग्लेक्ट’ सांगितला.

“निग्लेक्ट म्हणजे दुर्लक्ष ना? दुर्लक्ष न्हाई हो हे. तिचं लक्ष असतंय की. कुठं दुखतंय, कवा दुखतंय, तिला बराबर ठावं असतंय.”

मी ‘सफर’ म्हटलं, ‘बेअर’ म्हटलं, ‘टॉलरेट’ म्हटलं. एकेका शब्दाला त्यांनी मान हलवली. सहन करणं वेगळं, म्हणाल्या. हे काढणं आहे, जसे दिवस काढतात. त्या रात्री मी कोश उघडून बसले. दुसऱ्या दिवशी मला शब्द सापडला नाही हे कबूल करावं लागलं, तेव्हा त्यांना जरा आनंदच झाल्यासारखा दिसला. “लेकरू अंगावर पितंय, अंगावरून जातंय, दुखणं अंगावर काढतंय,” त्या बोटांवर मोजत म्हणाल्या. “बाईचं समदं अंगावरच. तुमच्या सायबाला कुठून सुचावं.”

त्या वह्यांमधली एक त्यांनी वर्गात मोठ्याने वाचली नव्हती. संगीता नावाच्या मुलीची. जवळच्याच एका खेड्यातून पायी येणारी, अबोल मुलगी. तिने लिहिलं होतं, माझ्या आईला आठ महिन्यांपासून अंगावरून लाल जातं, घरात कुणाला माहीत नाही, ती अंगावर काढते. मुलं-मुली एकत्र बसतात त्या वर्गाच्या वहीत तिने हे कसं लिहिलं असेल, याचं मला आजही नवल वाटतं. मॅडमनी ते पान दुमडून वही परत केली आणि त्याच रविवारी तिच्या गावी गेल्या.

गेल्या तशा परत आल्या. संगीताचे वडील भले होते. शेती, दोन बैल, खटल्याचं घर. ते म्हणाले, सोयाबीनची काढणी झाली की नेतोच. म्हातारी सासू म्हणाली, बायकांना असतंयच. आणि खुद्द गंगाबाई, म्हणजे संगीताची आई, हसून म्हणाली, मला काय झालंय, चांगली धडधाकट हाव की. मॅडम पुन्हा एकदा गेल्या. काढणी झाली होती, आता तूर उभी होती. “नवरा आडवा असता तर भांडता आलं असतं,” मला म्हणाल्या. “हिथं तीच आडवी हाय.”

तिसऱ्या खेपेला त्या मला म्हणाल्या, तुम्ही चला. का, असं मी विचारलं. जोशी मॅडम दारात आल्या म्हणजे घरचे उठून उभे राहतील, म्हणाल्या. त्यांनी ते इतकं साधेपणाने सांगितलं की मला वाईट वाटायला वेळच मिळाला नाही.

आम्ही ओट्यावर बसलो. चहा आला. मला स्टीलच्या कपात, त्यांना कान तुटलेल्या चिनी कपात. त्यांनी चहा पिऊन कप स्वतःच विसळला आणि भिंतीशी पालथा घातला. मी पाहिलं. मग गंगाबाईंच्या दुखण्याचं नावही न काढता त्या म्हणाल्या, “माझंच एक काम होतं. मला छातीत गाठ झालीया. नांदेडला दाखवायला जायचंय. मालक हट्ट्याला, सासूचे गुडघे गेलेले. या मॅडम येतात, डाक्टरशी इंग्रजी बोलतील, पण रगत बघितलं की ह्याच चक्कर येऊन पडतात. आत माझ्याजवळ बसायला एक लेकुरवाळी बाई पाहिजे.”

गंगाबाई पदर खोचून उभीच राहिली. “येते की. अशा टायमाला कोण न्हाई म्हणंल?” सासूसुद्धा म्हणाली, जा बाई, एकल्या बाईला सोबत द्यावी. नवऱ्याने मान डोलावली. जी बाई स्वतःसाठी आठ महिन्यांत उंबरा ओलांडायला तयार नव्हती, ती परक्या बाईसाठी पाच मिनिटांत तयार झाली. आपल्याकडे सोबतीला नाही म्हणत नाहीत, एवढ्याच गोष्टीवर त्यांनी सगळा बेत बेतला होता. परतीच्या वाटेवर मी त्यांचं कौतुक केलं. रक्ताची थाप माझ्या नावावर का, म्हणून लटकं भांडलेही.

आपला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला, त्याच वर्षीची ही गोष्ट. आम्ही तिघी पहाटे निघालो. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात केस पेपरच्या खिडकीवर लांब रांग होती. मॅडमनी दोन कागद काढायचं ठरवलं. गंगाबाई बघत होती ना. तिला सांगितलं, आलोच आहोत तर तुमचाही कागद काढू, बाईमाणसाला बाईमाणसाचा आधार. ती हो म्हणाली. मग मॅडमचा नंबर आला. मी त्यांच्या शेजारीच उभी होते.

खिडकीतल्या माणसाने न बघता विचारलं, “तक्रार?”

“छातीत गाठ. डाव्या बाजूला.”

“किती दिवसांपासून?”

“तीन महिने.”

आत बाई डॉक्टर होत्या. मॅडमनी त्यांच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं आणि गंगाबाईला पुढे केलं. त्यानंतरचे चार तास कसे गेले ते सविस्तर सांगत नाही. गंगाबाईला ठेवून घेतलं. पिशवीचं दुखणं होतं, अजून पसरलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, अगदी वेळेवर आणलंत, अजून काही महिने गेले असते तर अवघड होतं. निरोप मिळताच दुसऱ्या दिवशी संगीताचे वडील आले, भिंतीला टेकून रडले, आणि पुढे ऑपरेशन झालं. गंगाबाई जगली. आजही आहे.

गंगाबाईला नवऱ्याच्या हवाली करून आम्ही निघताना डॉक्टरांनी मॅडमना विचारलं होतं, “आणि तुमचं काय?” त्या म्हणाल्या, “पुढच्या टायमाला येते, आता गाडी जाईल.” मला वाटलं, काय सुरेख वेळ मारून नेली. त्यांचा केस पेपर माझ्या हातातच राहिला होता. एस.टी.त बसल्यावर मी विचारलं, हा फाडून टाकू? “ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. मी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला. मग म्हटलं, तुम्ही खोटं इतकं बेमालूम बोलता की क्षणभर माझाच विश्वास बसला. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

“वही मिटा आता, जोशी मॅडम,” एवढंच म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.

माझी सवय तुम्हाला माहीत आहे. मी कागद टाकत नाही. घरी आल्यावर तो केस पेपर मी तारखेप्रमाणे फाइलला लावला.

पुढचं वर्ष नेहमीसारखं गेलं. संगीता बारावी झाली. मॅडम तशाच सर्वांच्या मागून जेवत होत्या, वह्या मिटायला सांगत होत्या. फक्त पिशवी डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर गेली. पदर त्या डाव्या अंगाभोवती लपेटून घ्यायला लागल्या. एकदा भर उन्हाळ्यात त्यांचा डावा हात सुजलेला मला दिसला. मी विचारलं, तर म्हणाल्या, लचकला. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक माझ्या नजरेतून सुटत नसे, मुलांनो. हे सगळं मी पाहिलं आणि पुढे गेले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात त्या पहिल्यांदाच सलग आठवडाभर आल्या नाहीत. मी घरी गेले. मिस्टर खिल्लारे बाहेर खुर्चीवर बसले होते. तो मंगळवार होता, म्हणजे ते रजेवर होते, आणि तेवढ्यावरूनच मला काहीतरी कळलं. ते म्हणाले, नांदेडला नेऊन आणलं, गाठ छातीची, आता हाडात उतरलीय. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “मला बोलली न्हाई हो. दर शनिवारी येत होतो मी. मागच्या शनिवारी उचलून धरली तेव्हा हाताला लागली.”

त्या दिवशी मी आत फार वेळ थांबले नाही. घरी आले आणि फाइल काढली. कागद जागच्या जागी होता. नाव, वय, तक्रार: छातीत गाठ, डावी बाजू, तीन महिने. मी खिडकीजवळ उभी राहून तो पुन्हा पुन्हा वाचला. खोटं सांगणारा माणूस बाजू सांगत नाही, महिने मोजून सांगत नाही. तुमच्या आजोबांनी विचारलं, काय झालं? मी कागद त्यांच्यापुढे धरला.

दोन दिवसांनी पुन्हा गेले. खाटेवर त्या इतक्या लहान दिसत होत्या की आधी मला पांघरूणच दिसलं. मी काही चांगलं बोलायचं ठरवून गेले होते, पण तोंडातून तेच निघालं. म्हटलं, का सांगितलं नाहीत? मला तरी सांगायचं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नव्हत्या. वर्गात एखाद्या मुलाचं उत्तर चुकल्यावर त्या जशा बघत तशा बघत होत्या.

“सांगितलं व्हतं की,” म्हणाल्या. “खिडकीवर. तुमी बाजूलाच होता.”

मग त्याच म्हणाल्या, की त्या दिवशी खरंच दाखवायचं मनात होतं, दोघींचं एकदमच होऊन जाईल असं वाटलं होतं. पण गंगाबाईचा हात धरून बसल्यावर आपण सोबतीला आलोय असंच वाटायला लागलं. नंतर परीक्षा आल्या, मग सासूबाईंचे गुडघे, मग पोराची दहावी. “मी पोरांना इचारत व्हते ना, किती दिवसांनी? माझं गणित आलं बघा, दोन वर्षं.” आणि त्या हसल्या. मला पाणी प्यायचं होतं. मी उठून त्यांच्या माठातलं घेतलं. सात वर्षांत पहिल्यांदा. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच महिन्यात. दुपारी बाराचा सुमार. गेले तेव्हा गंगाबाई तिथे होती. ती चार दिवसांपासून तिथेच राहिली होती. घरी काय सांगून आलीस, असं विचारलं, तर म्हणाली, सोबतीला चाललेय म्हणलं. तिने चूल हातात घेतली होती. म्हाताऱ्या सासूबाई कोपऱ्यात माळ घातलेल्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोखाली बसून होत्या. दोन्ही मुलं दारात, मिस्टर मोरीजवळ औषधाची बाटली उजेडात धरून वाचत होते.

गंगाबाईने एका वाटीत पातळ पेज आणली, खाटेच्या कडेला बसली आणि मॅडमचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. चमचा ओठांशी नेला. मॅडमनी तोंड उघडलं नाही. चमचा तसाच धरून गंगाबाई म्हणाली, “घ्या बाई. दोन घोट.”

मॅडमनी डोळे फिरवून सासूबाईंकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मोरीकडे पाहिलं. आवाज फार बारीक झाला होता. मला वाकून ऐकावं लागलं.

“समदे जेवले का?”

गंगाबाईने एकदा माझ्याकडे पाहिलं. “जेवले,” ती म्हणाली. “समदे जेवले. आता तुमीच ऱ्हायलाव.”

तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं. चुलीवर भाताला अजून आधणही आलं नव्हतं.